स्टील गिटार आणि वेस्टर्न स्विंग : एका सरळ कांडीची मर्यादा

इलेक्ट्रिक गिटार म्हटले की खांद्याला पट्टा अडकवून उभा असलेला रॉक वादक डोळ्यासमोर येतो. पण बाजारात खऱ्या अर्थाने चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभ्याने वाजवायची नव्हतीच. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विक्रीला आलेली ही रिकेनबॅकर गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची होती. गोल छोटे अंग आणि लांब दांडी यांमुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तव्याचेच नाव देऊन मोकळे झाले. अशा वाद्याला स्टील गिटार म्हणतात. यातले ‘स्टील’ त्या कांडीचे आहे, गिटारच्या अंगाचे नव्हे. फ्राइंग पॅनचे अंग तर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे होते.

या टिपणात आपण साधारण १९३५ ते १९५५ ही वीस वर्षे पाहणार आहोत. अमेरिकेतल्या टेक्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांत, आणि नंतर कॅलिफोर्नियात, ‘वेस्टर्न स्विंग’ नावाचे नाचाचे संगीत या काळात जोरात होते. खेड्यातल्या व्हायोलिनच्या धुना, कृष्णवर्णीयांचे ब्लूज, शहरातला जॅझ, युरोपीय स्थलांतरितांचे पोल्का, मेक्सिकन गाणी असे सगळे एकाच बँडमध्ये एकत्र वाजे, आणि त्यावर शेकडो लोक नाचत. या बँडमधल्या स्टील गिटार वादकांपुढे दोन प्रश्न होते. एक, एवढ्या गोंगाटात आपला आवाज पोचवायचा कसा? दुसरा, सरळ कांडीने हवे ते कॉर्ड काढायचे कसे? पहिला प्रश्न विजेने दोन-तीन वर्षांत सोडवला. दुसरा जवळजवळ वीस वर्षे पुरता सुटला नाही, आणि माझ्या मते या वादकांचे उत्तम काम तो सुटलेला नसतानाच झाले आहे.

वाद्य कसे वाजते

नेहमीच्या गिटारमध्ये तार बोटाने पडद्यावर दाबतात. पडदा जिथे आहे तिथेच सूर मिळतो, बोट दोन मिलिमीटर मागे-पुढे झाले तरी बिघडत नाही. स्टील गिटारमध्ये तारा दांडीपासून बऱ्याच वर उचललेल्या असतात. पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात. कांडी तारेवर टेकवायची, दाबायची नाही. कांडी जिथे टेकली तिथून घोडीपर्यंतची तार कंप पावते.

तुम्ही विचित्रवीणा किंवा दक्षिणेतले गोट्टुवाद्यम, म्हणजेच चित्रवीणा, पाहिली असेल तर हे तत्त्व ओळखीचे आहे. मींड सहज निघते, सूर अखंड सरकतो. पण सुराची जबाबदारी संपूर्णपणे हातावर येते. किती, ते आकड्यात पाहू. त्या काळच्या पुष्कळ स्टील गिटारांत तारेची कंप पावणारी लांबी २२.५ इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर असे. एक अर्धस्वर वर जायचे तर लांबी १.०५९५ ने भागायची, म्हणजे पहिली रेघ सुमारे ३२ मिलिमीटरवर येते. बाराव्या रेघेवर लांबी निम्मी, २८६ मिलिमीटर उरते आणि पुढची रेघ फक्त १६ मिलिमीटरवर असते. इथे कांडी एक मिलिमीटर चुकली तर सूर सुमारे ६ सेंटने चुकतो. अर्धस्वराचे १०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. चोविसाव्या रेघेजवळ तीच एक मिलिमीटरची चूक १२ सेंटची होते. शेजारी व्हायोलिन सुरात वाजत असताना हे ऐकणाऱ्याला कळते. म्हणून वादक कांडी किंचित हलवत राहतो. हा कंप सौंदर्यासाठी असतोच, शिवाय सूर नेमक्या जागेच्या दोन्ही बाजूंना फिरत राहिल्याने कान मधली जागा धरतो.

हे वादन हवाई बेटांवरून आले. जोसेफ केकुकू या हवाईयन वादकाला त्याचे श्रेय दिले जाते, काळ एकोणिसाव्या शतकाचा शेवट. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाटच आली. ती लाट भारतातही पोचली. टाऊ मो हे हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह भारतात आले, १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले आणि त्यांनी हे वाद्य इथे रुजवायला मदत केली. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ‘हवाईयन गिटार’वर ऐकत वाढलेली पिढी आपल्या घरात आहे, त्यांना व्हॅन शिप्ले हे नाव विचारून पाहा. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर राग वाजवले. हे इथे सांगण्याचे कारण असे की तेच वाद्य, पण गरज वेगळी. रागसंगीताला एका तारेवरची मींड आणि मागचा षड्ज पुरतो. त्यामुळे आपल्याकडे या वाद्याला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडल्या गेल्या. टेक्ससच्या नाचगृहात कॉर्डशिवाय चालणार नव्हते, म्हणून तिकडे त्याचे रूप दुसऱ्या दिशेने बदलले.

आवाज

फोर्ट वर्थ या टेक्ससमधल्या शहरात १९३१ च्या सुमारास एका पिठाच्या गिरणीने रेडिओवर जाहिरातीसाठी बँड ठेवला होता, ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’. गायक मिल्टन ब्राउन आणि व्हायोलिनवादक बॉब विल्स हे दोघे त्यातलेच. १९३२ मध्ये ब्राउन बाहेर पडला आणि त्याने ‘म्युझिकल ब्राउनीज’ काढला. विल्सने पुढे ‘टेक्सस प्लेबॉइज’ काढला, तो १९३४ पासून ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या केव्हीओओ या रेडिओ केंद्रावरून रोज वाजू लागला. दोघांचे उत्पन्न मुख्यतः नाचांवर. नाचगृहात पियानो, बँजो, दोन-दोन व्हायोलिन. विल्सकडे तर १९३५ पासून ड्रम आणि फुंकून वाजवायची वाद्येही होती. त्यात मांडीवरच्या लाकडी गिटारचा आवाज बुडून जाई.

यावर पहिला उपाय यांत्रिक होता. नॅशनल कंपनीने १९२०च्या दशकाच्या शेवटी गिटारमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले, लाउडस्पीकरच्या शंकूसारखे, पण तारेच्या धक्क्यानेच हलणारे. आवाज वाढला, तरी तारेत जेवढी ऊर्जा घातली त्याहून जास्त बाहेर येणार कशी? जोरात आवाज हवा तर ऊर्जा बाहेरून आणली पाहिजे. हे ओळखणाऱ्यांत त्याच कंपनीतला जॉर्ज बोशाँ होता. तो स्वतः हवाईयन गिटार वाजवायचा. त्याने अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकरबरोबर जे बनवले ते फ्राइंग पॅन.

त्यातले तत्त्व तुम्ही बारावीत शिकला आहात. तारांभोवती नालाच्या आकाराची दोन चुंबके, तारांखाली तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज निर्माण होते. ते व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायचे. आता गिटारच्या पोकळ पेटीची गरजच उरली नाही. उलट ती नकोशी झाली, कारण पोकळ पेटी लाउडस्पीकरचा आवाज परत पकडून शिट्टी घालते. भरीव अंगामुळे तारेची ऊर्जा पेटीत खर्च होत नाही, सूर जास्त वेळ टिकतो. सूर लांबवर सरकवणे हाच ज्या वाद्याचा स्वभाव, त्याला आणखी काय हवे? इलेक्ट्रिक गिटार आधी मांडीवर आली यामागे हे कारण आहे, असे मला वाटते.

बॉब डन आणि लिऑन मॅकॉलिफ

१९३४ च्या अखेरीस मिल्टन ब्राउनच्या बँडमध्ये बॉब डन आला. त्याच्याकडे फ्राइंग पॅन नव्हती. त्याने साध्या मार्टिन गिटारच्या तारा उचलून घेतल्या, त्यांना चुंबकित केले आणि वर ‘व्हॉल्युटोन’ नावाचे पिकअप लावले. म्हणजे रिकेनबॅकरमध्ये चुंबक तारेबाहेर, तर इथे तारच चुंबक. वेटोळ्याला याचा काही फरक पडत नाही, त्याला बदलते क्षेत्र दिसले की झाले. जानेवारी १९३५ मध्ये शिकागोला या बँडने डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. अमेरिकन कंट्री संगीतातले विजेवर वाढवलेल्या गिटारचे पहिले ध्वनिमुद्रण म्हणून ते ओळखले जाते.

डनचे वादन आज ऐकले तरी दचकायला होते. हवाईयन गिटार म्हणजे गोड, लांब, लाटेसारखे सूर, असा तेव्हा समज होता. डन ट्रॉम्बोनही वाजवत असे आणि त्याचा कान जॅझकडे होता. त्याने सूर तोडून, ठोकून, अर्ध्यात थांबवून वाजवले. स्टील गिटारवर हे सोपे नाही. कांडी उचलली तरी तार वाजत राहते, म्हणून उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर टेकवून प्रत्येक सूर मुद्दाम बंद करावा लागतो. दोन सुरांमधली शांतता हीसुद्धा वाजवावी लागते, असे म्हणा. १९३५ चे ‘टेकिंग ऑफ’ ऐका. ट्रॉम्बोनवाला खोलीत आहे असा भास होतो.

एप्रिल १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर मिल्टन ब्राउन वारला, वय अवघे ३२. बँड फार टिकला नाही. डन पुढे बऱ्याच बँडांत वाजवत राहिला, मग त्याने ह्यूस्टनला वाद्यांचे दुकान घातले.

स्टील गिटार घरोघरी पोचवली ती दुसऱ्याने. लिऑन मॅकॉलिफ १९३५ मध्ये विल्सच्या बँडमध्ये आला तेव्हा १८ वर्षांचा होता. सप्टेंबर १९३६ मध्ये त्याने विल्सबरोबर ‘स्टील गिटार रॅग’ ध्वनिमुद्रित केले. विल्सला वादकाचे नाव मोठ्याने पुकारून त्याला पुढे आणायची सवय होती, त्यामुळे या तबकडीबरोबर लिऑन हे नावही रेडिओवरून सगळीकडे गेले. डनचे वादन खडबडीत तर मॅकॉलिफचे स्वच्छ, गुणगुणता येईल असे. नवशिक्यांनी घरी हे वाजवून पाहिले आणि या वाद्याची एक पूर्ण पिढी तयार झाली.

इथे एक गोष्ट नीट नोंदवायला हवी. ‘स्टील गिटार रॅग’ची मूळ चाल सिल्व्हेस्टर वीव्हर या केंटकीतल्या लुईव्हिल शहरातल्या कृष्णवर्णीय वादकाची आहे. त्याने ‘गिटार रॅग’ १९२३ मध्ये ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले आणि १९२७ मध्ये पुन्हा केले. मॅकॉलिफची तबकडी देशभर गेली, तिच्यावर वीव्हरचे नाव नव्हते. वीव्हर १९२७ नंतर ध्वनिमुद्रणातून बाहेर पडला, १९६० मध्ये वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला आणखी तीस वर्षे गेली. दोन्ही तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. पाठोपाठ ऐका, चाल ओळखायला संगीताचे शिक्षण लागत नाही.

सरळ कांडी, वाकडे कॉर्ड

आता दुसरा प्रश्न. हा नीट समजला तर पुढचे सगळे सोपे आहे.

कांडी सरळ आहे आणि सगळ्या तारांवर एकाच रेघेशी टेकते. म्हणजे कांडी सरकवली की सगळे सूर सारख्याच प्रमाणात चढतात-उतरतात. तारांमधली आपापसातली अंतरे कधीच बदलत नाहीत. नेहमीच्या गिटारवर चार बोटे चार वेगळ्या पडद्यांवर ठेवता येतात, इथे डावा हात म्हणजे एकच लांब बोट. तारा ज्या कॉर्डमध्ये जुळवल्या तोच कॉर्ड वर-खाली फिरणार.

तारा सा ग प अशा जुळवल्या तर फक्त मेजर कॉर्ड मिळतो. जॅझच्या वळणाच्या संगीतात तेवढ्याने भागत नाही. म्हणून ‘सी-सिक्स्थ’ ही जुळणी प्रिय झाली : सी, ई, जी, ए, सी, ई. सरगममध्ये लिहायचे तर सा ग प ध सा ग. एका धैवताने काय फरक पडतो पाहा. सा-ग-प या तारा छेडल्या तर मेजर. कांडी न हलवता ध-सा-ग छेडल्या तर मायनर. चारही एकत्र छेडल्या तर सिक्स्थ कॉर्ड, ज्याचा तो हवेशीर, किंचित बेफिकीर रंग म्हणजेच वेस्टर्न स्विंगचा रंग. एक तार वाढवून दोन कुटुंबे पदरात पडली.

पण एक कॉर्ड काही केल्या मिळत नाही : डॉमिनंट सेव्हन्थ, म्हणजे सा ग प आणि कोमल नि. पाश्चात्त्य संगीतात ओढ निर्माण करून घरी परत नेणारा हाच कॉर्ड. त्याचा प्राण ग आणि कोमल नि यांच्यातल्या सहा अर्धस्वरांच्या अंतरात आहे. सा ग प ध यांना शून्य, चार, सात, नऊ असे आकडे द्या. कुठल्याही दोघांची वजाबाकी सहा येत नाही, सप्तक ओलांडले तरी नाही. म्हणजे हातचलाखी कितीही केली तरी सरळ कांडीने हा कॉर्ड या जुळणीत अशक्य. वादक कमी पडतो असे नाही, गणितच आडवे येते.

मग वादकांनी काय केले? एक तर कांडी तिरकी धरली. एका तारेवर एका रेघेत आणि दुसऱ्या तारेवर शेजारच्या रेघेत कांडी टेकवली की अंतर एका अर्धस्वराने बदलते. मात्र रेघांमधले अंतर वर जाताना कमी होत जाते, त्यामुळे तिरकेपणाचा कोन प्रत्येक जागी वेगळा. तारांमधले अंतर एक सेंटीमीटर धरा आणि एक तार सोडून पलीकडची घ्या : बाराव्या रेघेजवळ कोन सुमारे ३९ अंश येतो, पहिल्या-दुसऱ्या रेघेजवळ ५६ च्या पुढे. मनगट तिथपर्यंत वळते का, हे स्वतः करून पाहा. तीन तारांवर तिरकी कांडी घेतली तर तिसरा सूर बहुधा थोडा बेसूरच राहतो, कारण रेघा गुणोत्तराने आकसतात आणि कांडी मात्र सरळच.

दुसरा उपाय मला सर्वांत चतुर वाटतो : पूर्ण कॉर्ड वाजवायचाच नाही. ध-सा-ग हे तीन सूर घ्या आणि खाली बास वाजवणाऱ्याने रे धरला असे समजा. रे पासून मोजले तर ध हा पंचम, सा हा कोमल निषाद आणि ग हा नववा सूर होतो. म्हणजे रे चा ‘नाइन्थ’ कॉर्ड, फक्त त्यातला तिसरा सूर तेवढा नाही. तो बाजूचा गिटारवाला देतो. स्टीलवाल्याच्या हातात साधा मायनर, पण श्रोत्याच्या कानात भरगच्च जॅझ कॉर्ड. कॉर्डची मांडणी एका वाद्यात नसून बँडभर वाटलेली आहे. विल्सच्या बँडमधला एल्डन शॅम्बलिन हा साधी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा याच कामात तरबेज होता. १९४१ चे ‘ट्विन गिटार स्पेशल’ हे त्याचे आणि मॅकॉलिफचे जोडवादन याचा नमुना म्हणून ऐकावे.

तिसरा उपाय सरळ पैशाचा आणि पाठीचा : जुळण्या वाढवा. एका गिटारवर दुसरी गिटार जोडा. दोन दांड्या, तीन, चार. एकीवर सी-सिक्स्थ, दुसरीवर कोमल निषाद असलेली ई-थर्टीन्थ, तिसरीवर आणखी काही. एवढे मांडीवर मावेना, म्हणून वाद्याला पाय आले आणि वादक उभा राहिला किंवा उंच स्टुलावर बसला. एक ओळ वाजवता वाजवता हात एका दांडीवरून दुसरीवर उडी मारतो.

कॅलिफोर्निया

दुष्काळ आणि मंदीने टेक्सस-ओक्लाहोमातली हजारो कुटुंबे कॅलिफोर्नियात गेली होती, युद्धकाळात विमान आणि जहाजांच्या कारखान्यांनी आणखी लोक ओढले. त्यांच्यामागोमाग त्यांचे संगीत गेले. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या नाचगृहांत स्पेड कूली या व्हायोलिनवादकाचा मोठा बँड गाजू लागला. ‘वेस्टर्न स्विंग’ हे नाव प्रचारात आले तेही याच काळात. विल्सही कॅलिफोर्नियात आला.

आणि इथेच फुलर्टन या गावात लिओ फेंडरचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. १९४५ मध्ये त्याने डॉक कॉफमन या जोडीदाराबरोबर स्टील गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर विकायला सुरुवात केली. फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! तो वाद्ये बँडवाल्यांना द्यायचा, नाचगृहात जाऊन ऐकायचा, तक्रारी घेऊन परत यायचा. नोएल बॉग्ज हा विल्स आणि कूली या दोघांकडे वाजवलेला वादक त्याचा मित्र होता. पुढे फेंडरची ‘स्ट्रिंगमास्टर’ आली, दर दांडीला आठ तारा. चार दांड्यांचे वाद्य घेतले तर ३२ तारा जुळवायच्या. जगप्रसिद्ध टेलिकास्टर फेंडरच्या सुरुवातीच्या स्टील गिटारांनंतरची आहे, ती त्यांच्यावर शिकूनच झाली. डिझाइन शिकवताना मी मुलांना हे उदाहरण आवर्जून देतो : ग्राहकाची गरज प्रश्नावली भरून घेऊन कळतेच असे नाही, रात्री बारापर्यंत नाच चाललेल्या हॉलच्या कोपऱ्यात उभे राहूनही कळते.

युद्धानंतर मोठे बँड परवडेनासे झाले. विल्सने फुंकवाद्ये कमी केली आणि त्यांचे काम तारांवर दिले. १९४६ आणि १९४७ मध्ये रेडिओ केंद्रांना पुरवण्यासाठी केलेल्या ‘टिफनी’ ध्वनिमुद्रणांत हर्ब रेमिंग्टनची स्टील गिटार, टायनी मूरचे इलेक्ट्रिक मँडोलिन आणि साधी इलेक्ट्रिक गिटार तीन सुरांत अशी बांधलेली असतात की ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फळीच वाजते आहे असे वाटावे. रेमिंग्टन इंडियाना राज्यातला, १९४६ मध्ये बँडमध्ये आला तेव्हा विशीत होता.

पण या सगळ्यांत मला एकाच वादकाचे नाव घ्यायला सांगितले तर मी अर्ल मर्फीचे घेईन. जन्म हॉलिवूडचा, १९२३ चा, बँडमध्ये नाव ‘वॉकीन’. स्पेड कूलीकडे तो विशीच्या सुरुवातीलाच आला, नंतर टेक्स विल्यम्सच्या बँडमध्ये गेला. कूलीच्या ‘ओक्लाहोमा स्टॉम्प’मध्ये तो काय करतो ते सावकाश ऐका. कॉर्डची आख्खी ओळ कांडीच्या छोट्या उड्यांनी, न घसरता, जणू पियानोवर वाजवावी तशी. मधेच एका तारेवरची धावती तान. सरळ कांडीने जो कॉर्ड मिळत नाही त्याच्या दारावरून तो एका पावलात पुढे जातो आणि आपल्याला काही राहून गेल्याचे जाणवतही नाही. वर सांगितलेले गणित त्याला कोणी फळ्यावर मांडून दाखवले असेल असे वाटत नाही, पण ते त्याच्या हातात होते. सर्वसामान्य श्रोत्यांना त्याचे नाव फारसे कधीच कळले नाही. स्टील गिटार वाजवणारे मात्र आजही त्याचे एकेक वादन सूर-सूर उतरवून शिकतात.

पायाने तार ओढणे

मर्फीची गिटार पॉल बिग्स्बीने बनवली होती. बिग्स्बी हा लॉस एंजेलिसच्या क्रॉकर मोटारसायकल कंपनीत साचे करणारा कारागीर, धातूकाम त्याच्या हातचे. १९४८ मध्ये त्याने स्पीडी वेस्ट या वादकासाठी पायाने दाबायच्या पेडलांची स्टील गिटार बनवली. पेडलची कल्पना त्याआधीची, गिब्सनचे ‘इलेक्ट्राहार्प’ १९४० च्या सुमारास आले होते. पण ती रोजच्या मारात टिकणारी करणे हे वेगळे काम होते. टेक्स विल्यम्सच्या बँडमध्ये आणि टीव्हीवरच्या ‘टाउन हॉल पार्टी’ कार्यक्रमात दिसलेली मॅरियन हॉल, या पुरुषांच्या यादीतली एक मोजकी स्त्री, तीही बिग्स्बीचेच वाद्य वाजवी.

पेडलने तार ताणली की सूर चढतो. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. एक पूर्ण स्वर चढवायला वारंवारता १.१२२ पट हवी, म्हणून ताण १.२६ पट. क्षणार्धात ताण २६ टक्के वाढवायचा आणि सोडल्यावर तंतोतंत मूळ जागी आणायचा. परत येताना ताणात एक टक्का फरक राहिला तरी सूर आठ-नऊ सेंटने चुकतो. शिवाय एक तार जास्त ओढली की दांडी किंचित वाकते आणि बाकीच्या तारा उतरतात. लाकूड आणि खिळ्यांचे हे काम नाही. मोटारसायकलचे सुटे भाग घडवणारा माणूस इथे का उपयोगी पडला ते लक्षात येईल.

सुरुवातीला पेडल म्हणजे दांडी बदलण्याची सोय होती : सूर थांबला की पेडल दाबून जुळणी बदला, मग पुढचा कॉर्ड वाजवा. १९५३ च्या अखेरीस बड आयझॅक्सने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबले. सा ग प वाजत आहेत. सा जागेवर राहतो आणि ग चा म, प चा ध होतो, तोही ऐकणाऱ्याच्या कानासमोर सरकत. कांडी सगळे सूर एकत्र हलवते, पेडल काही सूर धरून ठेवून बाकीचे हलवते. जी गोष्ट वीस वर्षे अशक्य होती ती एका पावलाने झाली. १९५४ मध्ये गाणे देशभर वाजले आणि नॅशव्हिलमधल्या प्रत्येक निर्मात्याला तोच आवाज हवा झाला.

त्याच सुमारास नाचगृहेही ओस पडू लागली होती. टीव्ही आला, रॉक अँड रोल आला, मोठे बँड मोडले. करली चॉकरसारख्या काहींनी स्विंगची कॉर्डविद्या पेडलच्या वाद्यावर नेली. पण पेडल स्टील मुख्यतः संथ गाण्यांत गायकामागे रडणारा आवाज म्हणून स्थिरावली. डनचे तोडून वाजवणे किंवा मर्फीच्या उड्या तिला लागत नव्हत्या. पेडलवाल्याला हवा तो कॉर्ड बसल्या जागी मिळतो, मर्फीला तो मिळत नसल्यामुळे सतत कुठेतरी जावे लागे, आणि ते जाणेच त्याचे संगीत होते.

आता दोन कामे. ‘टेकिंग ऑफ’, ‘ओक्लाहोमा स्टॉम्प’ आणि ‘स्लोली’ याच क्रमाने ऐका आणि प्रत्येकात सूर नेमका कशाने बदलतो ते लिहा : कांडीने, तारा बदलून, की पायाने. दुसरे काम कागदावरचे. सा ग प ध सा ग या सहा तारांपैकी फक्त एक तार फक्त एका अर्धस्वराने चढवून डॉमिनंट सेव्हन्थ मिळवायचा आहे. एक उत्तर उघड आहे, ध चा कोमल नि करणे, पण त्यात मायनर हातचा जातो. मायनर न गमावता हे साधणारी दुसरी एक तार आहे. सी-सिक्स्थ वाजवणाऱ्यांनी ती फार पूर्वीच शोधली आणि कित्येकजण ती तशीच चढवून ठेवत. ती कोणती, आणि मिळणारा कॉर्ड कोणत्या स्वरावर उभा आहे, ते काढा.